परदेशातला कामाचा व्हिसा आणि कायम वास्तव्य : "किती दिवस लागतात?" या प्रश्नाचा अभ्यास



आपल्या खान्देशात कामासाठी गाव सोडणं काही नवीन नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं सुरतला जातात. त्यासाठी काय लागतं? भुसावळ-सुरत लाइनवरच्या गाडीचं तिकीट आणि तिकडे ओळखीचा एखादा माणूस. रात्री बसलं की सकाळी सुरत.

आता पोरं सुरतच्या पुढे बघू लागली आहेत. कोणी जर्मनी म्हणतं, कोणी कॅनडा, कोणी दुबई. आणि घरातली मोठी माणसं एकच प्रश्न विचारतात, "किती दिवस लागतील?" या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि जो एका आकड्यात देतो त्याच्यापासून जरा सावध राहायचं, हे आज आपण नीट समजून घेणार आहोत.

हा विषय मी का घेतला?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन शाळेत आला. आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. जर्मनीला जायची तयारी चालू. हातात शाळा सोडल्याचा दाखला. वडील म्हणाले, "मॅडम, पोराचं काम अडकलं. दाखल्यावर एक जून आहे आणि जन्माच्या दाखल्यावर सतरा सप्टेंबर."

मी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पान उघडलं आणि गप्प झाले. अक्षर माझंच होतं. मी नोकरीला लागले त्याच वर्षीची नोंद. त्याची आई पहिलीत नाव घालायला आली होती, तारीख तिला सांगता आली नाही, आणि आम्ही तेव्हा सगळ्यांची लिहायचो तशी मी १ जून लिहून टाकली. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली माणसं इतकी का, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे! पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच तारीख गेली होती. पासपोर्टवर मात्र जन्माच्या दाखल्याची.

वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शहरातला एक एजंट म्हणाला होता, "तीन महिन्यांत पोरगा विमानात." त्यासाठी अडीच लाख मागितले होते. कापसाचा चुकारा आला की द्यायचे ठरलं होतं, बाकीचे व्याजाने काढून. सुदैवाने अजून दिले नव्हते.

तेव्हापासून मी हा विषय वाचायला घेतला. जे समजलं ते इथे मांडते.

आधी दोन शब्द समजून घेऊ

*कामाचा व्हिसा :* ठरावीक मुदतीसाठी त्या देशात राहून काम करायची परवानगी. बहुतेक वेळा ती एका मालकाशी किंवा एका कामाशी बांधलेली असते. नोकरी गेली तर परवानगीही धोक्यात येते.

*कायम वास्तव्य, म्हणजे पीआर :* त्या देशात कायम राहायची आणि कोणतंही काम करायची परवानगी. अमेरिकेत यालाच ग्रीन कार्ड म्हणतात. पीआर मिळालं म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो, बहुतेक देशांत राष्ट्रीय निवडणुकीत मतदान करता येत नाही.

वेळ चार प्रकारचा असतो

"किती दिवस?" हा प्रश्न तोडून चार प्रश्न केले की सगळं सोपं होतं.

१. तयारीचा वेळ : कागद जमवणं, भाषा शिकणं, नोकरी मिळवणं. हा बराचसा आपल्या हातात असतो.

२. तपासणीचा वेळ : अर्ज दिल्यावर कार्यालय तो बघायला घेतं तो. हा कार्यालयाच्या हातात.

३. रांगेचा वेळ : जागा मोजक्या आणि माणसं जास्त असतील तर नंबर येईपर्यंतचा. हा कोणाच्याच हातात नसतो.

४. वास्तव्याचा वेळ : पीआर मागण्याआधी त्या देशात किती वर्षं काढली पाहिजेत, ते कायद्याने ठरलेलं असतं.

एजंट जो आकडा सांगतात तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा असतो. बाकीचे तीन ते सांगत नाहीत. आता एकेका देशाचं उदाहरण घेऊ.

उदाहरण पहिलं : जर्मनी

हे उदाहरण आपल्या शिक्षकांच्या जवळचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. सुरुवातीला १०,००० कुशल तरुण पाठवायचं ठरलं. परिचारिका, काळजीवाहक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, स्वयंपाकी, बस-ट्रकचालक अशी बरीच कामं यादीत होती. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. काम शालेय शिक्षण विभागाकडे आलं आणि जर्मन भाषेच्या वर्गांची तयारी सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांनी नोंदणीची लिंक गावच्या ग्रुपवर टाकली असेल. मीही टाकली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सलर ओलाफ शोल्झ दिल्लीला आले. भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करण्याची घोषणा झाली. व्हिसाची वेळ नऊ महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आणल्याचं जर्मनीकडून सांगितलं गेलं.

इथेच लोकांचा गोंधळ झाला. गावात बातमी पोहोचली ती अशी : "जर्मनीचं काम दोन आठवड्यांत होतं." पण दोन आठवडे हा फक्त तपासणीचा वेळ, आणि तोही सगळे कागद पूर्ण असतील तर. त्याच्या आधीचं बघा.

*भाषा :* जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा असतात. गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी-१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. आपण शिक्षक, आपल्याला तासिकेचा हिशेब लगेच कळतो. रोज दोन तासिका, आठवड्याचे सहा दिवस धरले, म्हणजे आठवड्याला १२ तासिका. ६०० तासिकांना ५० आठवडे लागतात. झालं ना वर्ष! परिचारिकेला तर बहुधा बी-२ लागतं, म्हणजे आणखी काही महिने.

*शिक्षणाची मान्यता :* आपला आयटीआय किंवा नर्सिंगचा कोर्स तिथल्या कोर्सच्या तोडीचा आहे का, ते तिथलं कार्यालय तपासतं. कागद पूर्ण मिळाल्यापासून याला साधारण तीन-चार महिने लागतात. मालकाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ४११ युरो शुल्क भरून जलद प्रक्रिया घेतली, तर मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत, व्हिसाची भेट तीन आठवड्यांत आणि पुढचा निर्णय आणखी तीन आठवड्यांत अशी मुदत ठरलेली आहे. कोर्स अर्धाच जुळला, तर उरलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

*व्हिसा :* १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीच्या कामाच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. भेटीला मात्र जावंच लागतं.

*कायम वास्तव्य :* कुशल कामगाराला तिथे तीन वर्षं काम करून आणि पेन्शनचे हप्ते भरून पीआर मागता येतं. मार्च २०२४ पूर्वी हीच मुदत चार वर्षं होती. पदवी आणि ठरावीक पगार असलेल्यांना 'ब्लू कार्ड' मिळतं. त्यांना २७ महिन्यांत, आणि जर्मन बी-१ येत असेल तर २१ महिन्यांतच मागता येतं. म्हणजे भाषा शिकली की सरळ सहा महिने वाचतात.

आता बेरीज करू. भाषेचं एक वर्ष, मान्यता, नोकरी आणि व्हिसा मिळून सहा ते आठ महिने, मग तीन वर्षं वास्तव्य. ए-१ च्या पहिल्या तासापासून पीआरपर्यंत साधारण पाच वर्षं धरून चालावं. जर्मनीत भारतीय म्हणून वेगळी लांब रांग नाही. म्हणून इथला बराचसा वेळ आपल्या अभ्यासावर अवलंबून आहे.

उदाहरण दुसरं : अमेरिका

अमेरिकेत उलटं आहे. तिथे तिसरा प्रकार, म्हणजे रांग, सगळ्यात मोठी.

आपल्याकडचे इंजिनीअर बहुतेक एच-१बी व्हिसावर जातात. त्याच्या वर्षाला ८५,००० जागा असतात. त्यातल्या २०,००० अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी. मार्चमध्ये नोंदणी होते, जास्त नावं आली की सोडत निघते, आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू. म्हणजे नशिबाने सोडतीत नाव आलं तरी सहा-सात महिने जातातच, आणि नाही आलं तर पुढच्या मार्चपर्यंत थांबा. हा व्हिसा आधी तीन आणि नंतर तीन, असा सहा वर्षांचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा कितीतरी कंपन्यांचे आणि मुलांचे बेत एका रात्रीत बदलले.

आता ग्रीन कार्ड. १९९० च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात. आणि कोणत्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत असा नियम आहे. गणित करू :

१,४०,००० × ७ ÷ १०० = ९,८००

देश लहान असो की मोठा, मर्यादा हीच. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे जळगाव शहराएवढीही नाही. त्यांनाही ९,८०० आणि आपल्या १४० कोटींनाही ९,८००. शिवाय नवरा, बायको, मुलं यांचीही मोजणी याच आकड्यात होते. चार जणांच्या कुटुंबाला चार कार्डं जातात.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये या रांगेत दहा लाखांहून अधिक भारतीय असल्याचा अंदाज काढला होता. १०,००,००० ला ९,८०० ने भागलं तर उत्तर येतं सुमारे १०२ वर्षं! प्रत्यक्षात इतर देशांच्या उरलेल्या जागा भारताकडे येतात, काही जण रांग सोडून परत येतात किंवा कॅनडाला जातात. म्हणून रांग या गणितापेक्षा वेगाने सरकते. पण 'वेगाने' म्हणजे किती? ज्या दिवशी अर्ज रांगेत लागतो त्या दिवसाला 'प्रायॉरिटी डेट' म्हणतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढून सध्या कोणत्या तारखेचा नंबर चालू आहे ते सांगतं. २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या गटांचे नंबर २०१२-१३ च्या तारखांपाशी होते. म्हणजे बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर आत्ता येत होता. कधीकधी ही तारीख पुढे जायच्या ऐवजी मागेही जाते. रेशनच्या रांगेत तुमच्या पुढचे दोघं उरलेले असताना कोणी म्हणावं, "आता पन्नास नंबर मागे जा," तसंच!

रांगेत असलेल्यांना सहा वर्षांनंतरही व्हिसा वाढवून मिळतो, त्यामुळे ते तिथे राहू शकतात. पण मुलांचं काय? मूल २१ वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जात धरलं जात नाही. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट दिली आहे, तरी ती सगळ्यांना पुरत नाही. २०१३ मध्ये नऊ वर्षांचं असलेलं मूल २०२५ मध्ये २१ वर्षांचं झालं. तिथल्याच शाळेत वाढलेल्या त्या मुलाला पुन्हा विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो. इकडे गावात आजी म्हणत असते, "बारा वर्षं झाली, अजून कसं पक्कं होत नाही?" तिला वाटतं मुलगाच काहीतरी लपवतोय. तो लपवत नसतो, रांगच तशी आहे.

बाकीचे देश थोडक्यात

*कॅनडा :* जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजले जातात आणि वरच्या गुणांच्या लोकांना बोलावणं येतं. बोलावणं आल्यावर अर्ज केला की बहुतेक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचं तिथलं उद्दिष्ट आहे. देशावर मर्यादा नाही. पण गुण कमी असतील तर बोलावणं कधीच येत नाही. सहा महिने हे बोलावण्यानंतरचे, हे विसरायचं नाही.

*ब्रिटन :* कुशल कामगाराच्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत होतो. पीआरसाठी पाच वर्षांची अट होती. ती दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मांडला.

*आखाती देश :* व्हिसा सगळ्यात लवकर होतो, पण साध्या कामगाराला तिथे कायम राहायचा हक्क मिळत नाही. करार संपला की परत. त्यामुळे "दुबईचं पीआर करून देतो" असं कोणी मजुराला सांगत असेल तर तिथेच उठून यावं.

आपल्या शाळेचा यात काय संबंध?

खूप आहे. तयारीच्या वेळेतला सगळ्यात मोठा खोळंबा कागदावरच्या नावांचा आणि तारखांचा असतो, आणि त्यातला पहिला कागद आपण लिहितो.

दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. आईचं नाव एका कागदावर 'सुमन', दुसऱ्यावर 'सुमनबाई'. चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आपल्याला माहीत असतं की माणूस एकच आहे. परदेशातल्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? त्याच्यासाठी ती दोन माणसं.

म्हणून पहिलीत प्रवेश देताना एवढं करा :

- जन्माचा दाखला बघूनच तारीख लिहा. दाखला नाही म्हणून प्रवेश मात्र नाकारू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तो नाकारता येत नाही. प्रवेश द्या आणि पालकांना ग्रामपंचायतीत पाठवा.
- जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, हे पालकसभेत सांगा.
- इंग्रजी स्पेलिंग जन्माचा दाखला, आधार आणि शाळा या तिन्ही ठिकाणी एकच ठेवा.
- नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यायला सांगा. दहावीच्या आधी दुरुस्ती सोपी, नंतर शाळा, पंचायत समिती आणि नाशिकचं विभागीय मंडळ अशा फेऱ्या होतात.

आणखी एक. आपला विद्यार्थी दहावी पास असेल तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का येत नाही. हा शिक्का असलेल्याला आखातातले देश धरून १८ देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे दहावी सोडू नका, याला हेही एक कारण आहे!

एजंटाला विचारायचे पाच प्रश्न

१. तुम्ही सांगता तो वेळ चारपैकी कोणता? तयारीचा, तपासणीचा, रांगेचा की वास्तव्याचा?

२. परदेशी नोकरभरतीसाठी तुमची भारत सरकारकडे नोंदणी आहे का? ती 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर दिसते का?

३. शुल्क किती? नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती देणार का?

४. मालकाचं नाव, पगार आणि मुदत लिहिलेला करार आत्ता दाखवणार का?

५. व्हिसा कामाचा आहे की पर्यटनाचा? "तिकडे गेल्यावर बदलून देऊ" हे उत्तर आलं, तर पैसे देऊ नका.

सारांश

तयारीचा वेळ कमी करणं आपल्या हातात आहे. तपासणीचा वेळ त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघावा, कारण नियम बदलत राहतात. रांगेचा वेळ कोणीही पैसे घेऊन कमी करू शकत नाही. आणि वास्तव्याची वर्षं काढावीच लागतात. दुसऱ्याने सांगितलेल्या तारखेवर शेत गहाण ठेवू नका.

स्वाध्याय (पाचवी ते सातवीसाठी)

१. १,४०,००० चे ७ टक्के किती? हे उत्तर चार जणांच्या कुटुंबांत वाटलं तर किती कुटुंबांना पुरेल?

२. आठवड्याला १२ तासिका घेतल्या तर ३६० तासिका किती आठवड्यांत पूर्ण होतील?

३. तुमचा जन्माचा दाखला, आधार आणि शाळेतली नोंद शेजारी ठेवून बघा. नाव, तारीख, स्पेलिंग सारखं आहे का? नसेल तर बाईंना किंवा सरांना सांगा.

तिसरा प्रश्न मी दरवर्षी देते. मागच्या जूनमध्ये माझ्या वर्गातल्या अकरा मुलांच्या नोंदीत काही ना काही फरक निघाला. सगळे अजून लहान आहेत, सगळ्यांची दुरुस्ती वेळेत होईल.

माझ्या त्या विद्यार्थ्याची फाइल अजून फिरते आहे. प्रत्येक अर्जाला लागेल तो शाळेचा उतारा मी स्वतः लिहून देते. अडीच लाख त्याच्या वडिलांनी दिले नाहीत. पोरगा सकाळी लाइटची कामं करतो, संध्याकाळी जर्मनचा क्लास. मागच्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, ए-२ पास झालो." मी म्हटलं, "आता बी-१. तोपर्यंत तारखेचंही होईल."

तुमच्या शाळेचं रजिस्टरही एकदा उघडून बघा.